शांत पाळी

मंगळवार, ३ मार्च

काल मी लिहिलं की वसाहतीत दुपारी वीज लागत नाही. ते चूक आहे. दुपारी वीज कोणी वापरत नाही, असं लिहायला हवं होतं.

वहीतली चूक माझ्यापुरती राहिली असती. पण हेच वाक्य मी वीज संस्थेच्या पाहणी अहवालातही लिहून दिलं आहे, खाली सहीसुद्धा केली आहे. आज सचिवांनी मला बोलावून चहा पाजला. म्हणाले, "तुमच्यामुळे काम सोपं झालं, ताई. शीतगृहवाले दुपारची सगळी वीज मागतायत, दहा वर्षांच्या कराराने. लोकांना नकोच आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

मी "बरं" म्हणून उठले. तिथेच बोलायला हवं होतं, बोलले नाही.

आता मुळापासून लिहिते, म्हणजे पुन्हा घोळ व्हायला नको. आमची वसाहत वीज केंद्राच्या कामगारांची. केंद्रात कोळसा जळायचा. वीज शहराला जायची आणि राख आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर बसायची. केंद्र बंद पडून तीन वर्षं होतील. ज्या मैदानात राख टाकायचे, ते मातीने झाकून त्यावर आता सौर पॅनेल उभी आहेत. ती संस्थेची आहेत आणि संस्थेत वसाहतीतल्या प्रत्येक घराचा वाटा आहे. सभासदाला दुपारची वीज जवळजवळ फुकट पडते, संध्याकाळची मात्र बाहेरून पूर्ण दराने घ्यावी लागते. आणि नेमकी दुपारीच आमची वसाहत बंद असते.

कारण शांत पाळी. केंद्रात तीन पाळ्या होत्या, त्यातली रात्रपाळी सगळ्यात मोठी. रात्रभर जागून आलेली माणसं दुपारी झोपायची, म्हणून बाराच्या आत जेवणं आटोपली की पाच वाजेपर्यंत वसाहतीत कोणी आवाज करायचा नाही. ही चौथी पाळी, ती बायकामुलांनी पाळायची. कपडे आपटायचे नाहीत, कुकर लावायचा नाही, खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. आम्ही मुलं खाणाखुणांनी पकडापकडी खेळायचो. शाळेत बाई मला सारख्या म्हणायच्या, "मोठ्याने वाच गं, तोंडात काय मिठाची गुळणी आहे का?"

केंद्र बंद पडलं, रात्रपाळी संपली. शांत पाळी चालूच आहे. ती बंद करा असं कोणी म्हणालं नाही, आणि बाबा व त्यांच्या बरोबरीचे सगळे अजून दुपारीच झोपतात. म्हणून पाहणीत दुपारच्या रकान्यात घरोघरी शून्य आलं. मी ते शून्य अहवालात उतरवलं आणि त्याला "लागत नाही" असं नाव दिलं.

शिंपीणमावशी मला तेव्हाच म्हणाली होती, "दुपारी मशीन लावू देत असते ना, तर मी शिवण सोडून गिरणी काढली असती. शहरातला बेकरीवाला पीठ घ्यायला एका पायावर तयार आहे." मी हसून पुढच्या घरी गेले. रकाना चालू वापराचा होता, इच्छेचा नव्हता.

उद्या दुरुस्ती लेखी देणार.

बुधवार, ४ मार्च

दिली. सचिवांनी दोनदा वाचली. रागावले नाहीत, त्यामुळे जास्त लाज वाटली.

"ताई, सभेपुढे मी मीटरचा आकडा ठेवणार. लोकांच्या मनात काय आहे ते ठेवता येत नाही मला. बावीस तारखेला सभा आहे. तोवर दुपारच्या मीटरवर काही हललं, तर बोलू. नाहीतर करार होईल."

बरोबरच बोलले. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

शुक्रवार, ६ मार्च

शिंपीणमावशीकडे गेले, सगळं खरं सांगितलं. ती दातात सुई धरून ऐकत होती. सुई काढली आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या एका शब्दाने आमची वीज चालली होती. बरं झालं, आता तूच ती परत आणायला माझ्याबरोबर उन्हात फिरशील."

तिने मागेच एक जुनी गिरणी बघून ठेवली होती, तिच्या भावाच्या गावी बंद पडून होती ती. तिच्याबरोबर वसाहतीतल्या आणखी दोघीजणी आहेत. जागा सायकल शेड. वीज केंद्राच्या सायकली होत्या तेव्हाची शेड, आता रिकामीच असते. ती आमच्या घराच्या भिंतीला लागून आहे हे मला लगेच आठवलं.

वसाहत समिती म्हणजे टर्बाइनकाका. त्यांचं खरं नाव टपालवाल्याला तेवढं माहीत असेल. केंद्रात टर्बाइनवर होते आणि शांत पाळीची पहारेदारीही त्यांच्याकडेच होती, म्हणजे अजून आहे. आम्ही दोघी सकाळीच गेलो.

"गिरणी? काढा की. चांगली गोष्ट आहे. पाचनंतर चालवा."

मावशी म्हणाली, "पाचनंतर बाहेरची वीज. त्या दराने दळलं तर पीठ सोन्याच्या वजनाने विकावं लागेल."

"शांत पाळीत मशीन चालणार नाही."

"अहो, कसली पाळी? कामावर कोण जातंय रात्री?"

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "ग्रॅज्युएट, तुझ्या बापाने तीस वर्षं बॉयलरसमोर रात्री काढल्या. त्याच्या दुपारच्या झोपेवर तू शिकलीस. आता त्याच झोपेवर गिरणी घालणार?"

मावशीने मला हाताला धरून बाहेर आणलं.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "साऱ्या जगात पाळी बायकांची असते, आमच्या वसाहतीत तेवढी पुरुषांची!" हे लिहावं की नाही असा विचार केला, पण ती असंच म्हणाली.

शनिवार, ७ मार्च

बाबांबद्दल लिहिते, कारण निर्णय घेताना मी त्यांना सोयीस्करपणे विसरू नये.

केंद्र बंद झाल्यापासून बाबा खंगले आहेत. बोलणं कमी झालं आहे. सकाळी उठून पाहावं तर स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेले असतात, पाठ आमच्या जुन्या फ्रिजला टेकलेली, डोळे मिटलेले. मी म्हटलं, पाठ दुखते का, गरम पाण्याची पिशवी देऊ? म्हणाले, नको, बरं वाटतंय इथे. तो फ्रिज बदलू या म्हणून मी दोनदा म्हणाले, खडखडतो फार. त्यांनी ऐकलं नाही. हिवाळ्यातही ते पंखा चालू ठेवून निजतात, आईला दोन पांघरुणं घ्यावी लागतात. त्यांना उष्णतेचा त्रास असावा. बॉयलरसमोर इतकी वर्षं काढल्यावर होणारच.

दुपारी पलंगावर तोंडावर पंचा टाकून ते आडवे होतात. पाचपर्यंत कूस बदलत नाहीत. फक्त उजव्या पायाचा अंगठा हलत असतो, एका लयीत, झोपेतसुद्धा. ही दुपारची झोप एवढीच काय ती त्यांची विश्रांती उरली आहे. ती मोडायला निघालेली मी त्यांची मुलगी आहे, हे स्वच्छ लिहून ठेवते.

आईला विचारलं, काय करू? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्यांना विचारलंस?"

"काय विचारायचं? नाहीच म्हणतील."

"विचार तरी."

"आई, मी विचारलं तर माझ्यासाठी म्हणून ते हो म्हणतील. ते जास्त वाईट."

आई हसली. म्हणाली, "इतकी शिकलीस, पण बापाला एक साधा प्रश्न विचारायला तुला सतरा कारणं आडवी येतात." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

सोमवार, ९ मार्च

आज एक विचित्र प्रकार झाला.

पाण्याचा पंप बिघडला होता. दुरुस्तीला माणूस बाहेरचा आला, त्याला शांत पाळी काय माहीत! त्याने भर दुपारी मोटर उघडली आणि मग सुरू करून बघत बसला. सगळी वसाहत घुमायला लागली. पायांत चपला न घालता धावले, पण टर्बाइनकाका माझ्याआधी पोचलेले. शर्टाची बटणं लावलेली, केस विंचरलेले. झोपेतून उठून माणूस इतक्या लवकर इतका नीटनेटका कसा होतो कोण जाणे. कपडे घालूनच झोपत असतील.

ते त्या माणसाच्या अंगावर ओरडायला गेले खरे, पण मोटरजवळ गेल्यावर नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "बेअरिंग गेलंय. ऐकू येत नाही का तुला?" तो म्हणाला, थोडा वेळ चालवून बघावं लागेल. काका म्हणाले, "मग बघ. अर्धवट काम नको." आणि तिथेच कट्ट्यावर बसले. नियम एवढा कडक पाळणारा माणूस, पण पाण्याचा प्रश्न म्हटल्यावर त्यांनाही नमतं घ्यावं लागलं.

मी घरी पळाले. वाटलं, बाबा उठून बसले असतील, कपाळाला हात लावून. बाबा झोपले होते. पंचा तोंडावरून घसरला होता, तोंड उघडं, चक्क घोरत होते. पायाचा अंगठासुद्धा हलत नव्हता. मोटर बंद झाली, पाच वाजले, बाहेर पोरं ओरडायला लागली, तरी उठले नाहीत. दिवेलागणीला उठले आणि आईला म्हणाले, काहीतरी खायला दे.

मला ताप वाटला. कपाळाला हात लावून पाहिला, नव्हता. एवढा आवाज होऊनही जाग येत नाही म्हणजे थकवा किती आत मुरला असेल. उद्या डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "कशाला? मी ठणठणीत आहे, मास्तरीणबाई."

मास्तरीणबाई ही हाक कितीतरी दिवसांनी ऐकली.

मंगळवार, १० मार्च

गिरणी आली. तिघींनी आणि मी मिळून ट्रकमधून उतरवली. माझं बोट चेमटलं. शेडमध्ये बसवायला परवाचा दिवस उजाडेल.

टर्बाइनकाकांनी लांबून पाहिलं. अडवलं नाही. "पाचनंतर," एवढंच म्हणाले.

गुरुवार, १२ मार्च

गिरणी बसवली. मीटर जोडला. मीटर जोडताना संस्थेचा तारतंत्री, म्हणजे वायरमन, म्हणाला, दुपारी इथून एवढी वीज वाहत जाते की मला रोज तिला टाटा करावासा वाटतो. त्याने गंमत केली, पण मला हसू आलं नाही. बारा ते तीन मैदानावरची पॅनेल ऊन पीत असतात आणि आम्ही त्यांच्या शेजारी श्वास रोखून पडलेलो असतो. शीतगृह वाईट नाही, ते मला मान्य आहे. सगळीच वीज आम्हाला संपवता येणार नाही, उरलेली त्यांना जरूर द्यावी. पण आधी आमच्या पानात वाढून घेऊन मग. एकदा दहा वर्षांचा करार झाला की या गिरणीलाही वीज नाही, आणि तिच्यामागून कोणाला इस्त्रीचं दुकान काढायचं असेल, कोणाला सुतारकाम, तर त्यांनाही नाही. राखेच्या वेळी आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं, आणि आमच्या वतीने मी उत्तर चुकीचं दिलं.

संध्याकाळी चहाच्या वेळी बाबांनी आपणहून विषय काढला. मी कान टवकारले.

"मोटर केवढी आहे?"

सांगितलं.

"पट्ट्यावर चालते की थेट?"

"पट्ट्यावर."

"आवाज कसला येतो? बारीक की घुमणारा?"

मी खरं तेच सांगायचं ठरवलं. "घुमणारा. भिंतीतून जाणवेल, बाबा. आपल्याला सगळ्यांत जास्त."

"अखंड? का मध्ये मध्ये थांबणार?"

"धान्य असेल तोवर अखंड."

बाबांनी कपातला उरलेला चहा संपवला. मग, "हं," म्हणाले आणि उठून गेले. मी समजून गेले. एकेक प्रश्न विचारून त्यांनी मला कबूल करायला लावलं की त्रास किती होणार आहे. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आई चहाचे कप उचलताना गालातल्या गालात हसत होती. मला तिचा राग आला. नंतर त्या रागाची लाज वाटली. पण आधी आला, म्हणून लिहिलं.

शुक्रवार, १३ मार्च

चोरून काही करायचं नाही, एवढं तरी माझ्या हातात आहे. म्हणून आज घरोघर जाऊन सांगून आले: सोमवारी दुपारी गिरणी सुरू करणार. ज्याला त्रास होईल त्याने मला सांगावं, मी आठवडाभराने पुन्हा येऊन विचारीन. मावशी म्हणाली, "युद्धाला जाताना शत्रूला वेळ कळवणारी तूच पहिली."

मला वाटलं होतं, दारं आपटली जातील. बायका म्हणाल्या, दळण आणू का? एकीने तर डबाच पुढे केला. पुरुषांचं मला कळलं नाही. क्रेनवाले आजोबा म्हणाले, "मी तर गाढ झोपतो, मला काय कळणार?" आणि दार लावता लावता, "किती वाजता म्हणालीस?" पुढच्या घरातल्या काकांनी विचारलं, सोमवारच का, उद्या का नाही. टोमणा असावा. कोणीही उघड नाही म्हणालं नाही, त्यामुळे मला उलट धाकधूक वाटते आहे. नाही म्हणणाऱ्याशी बोलता तरी येतं.

शेवटी टर्बाइनकाका. मी म्हटलं, "काका, तुमचा नियम मोडणार आहे. तुमच्या तोंडावर सांगायला आले."

ते पायरीवर बसले होते. सरकून त्यांनी मला शेजारी जागा केली. मग म्हणाले, "एकदा ती पाळी मोडली की मग आम्ही दुपारी करायचं काय, ग्रॅज्युएट?"

मी म्हटलं, "झोपा ना काका. कापसाचे बोळे देऊ का कानात घालायला? मी सगळ्यांसाठी आणणार आहे."

ते माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही मी परक्या भाषेत बोलले. मग एकदम मोठ्याने हसले. भर दुपारी, शांत पाळीत. मला वाटतं, आमच्या वसाहतीत त्या वेळी कोणी हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "नको," म्हणाले, "कापूस नको. माझा विरोध आहे म्हणून लिही." मी लिहिलं. पाठ फिरवली तर मागून म्हणाले, "पहिल्या दिवशी कोणीतरी अनुभवी माणूस उभा हवा. मी येईन. विरोध करायला."

ते आलेच तर गिरणी बंद पाडतील. मी बटणासमोर उभी राहीन. वयाने मोठे आहेत, मला बाजूला ढकलणार नाहीत.

शनिवार, १४ मार्च

सकाळपासून रडू येतंय, पण हातपाय गाळलेले नाहीत.

बाबांनी आज आपला पलंग हलवला. त्यांची खोली मागच्या बाजूला आहे, तिथे शेडचा आवाज सगळ्यांत कमी आला असता. मी मनात तेवढाच एक आधार धरून होते. त्यांनी सकाळी एकट्याने पलंग ओढायला घेतला. उचलला नाही, ओढला. फरशीवर कर्रकर्र आवाज करत दोन खोल्या ओलांडून पुढच्या खोलीत आणला आणि शेडच्या भिंतीला लावला. उशी भिंतीकडे. हाताने भिंत थापटून पाहिली आणि त्याच जागी डोकं येईल असा पलंग आणखी वीतभर सरकवला.

मी दारात उभी होते. म्हटलं, "बाबा, इथे आवाज थेट तुमच्या डोक्यात येईल."

"माहीत आहे."

"मागेच राहा ना. मी पाया पडते."

"मला इथे हवा आहे," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता चादर घालत होते.

हा त्यांचा सत्याग्रह आहे. मला थांबवणार नाहीत आणि स्वतःला वाचवणारही नाहीत. त्रास किती होतो ते मी रोज त्यांच्या तोंडावर वाचावं, अशी ही शिक्षा. ती रास्त आहे असं मला वाटतं. आईला म्हटलं, तू तरी समजाव. आई म्हणाली, "मी कशाला? इतक्या वर्षांत त्यांनी घरातली एक वस्तू स्वतःहून हलवली नव्हती." आणि पदराने डोळे पुसले. म्हणजे तिलाही लागलं आहे. पण ती हसतही होती. या घरात मला कोणाचंच काही कळत नाही.

दुपारभर विचार केला. थांबावं का? थांबले तर बाबांची झोप राहील आणि बावीस तारखेला करार होईल. बाबा पुढची दहा वर्षं शांत झोपतील, आणि त्या शांततेत आमच्या हाताला काही काम नसेल. त्यांच्या झोपेवर मी शिकले, हे काकांचं म्हणणं खरं आहे. ते मी टाळत नाही. पण ज्या झोपेवर शिकले, ती तशीच जपत बसायला त्यांनी मला शिकवलं नसावं. हे चूक असेल तर पुढे दुरुस्त करीन. आज मला हेच बरोबर वाटतं.

मावशीला निरोप दिला, धान्य चाळून ठेव. तारतंत्र्याला सांगितलं, मीटरचा पहिला आकडा माझ्यासमोर टिपून घे. बाबांना परत एकदा सांगायला गेले. ते नव्या जागी आडवे झाले होते, पंचा न घेता, उघड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत. म्हटलं, "बाबा, मी ठरवलंय."

"कधी?"

"सोमवारी, सोळा मार्चला. बारा वाजता."